पाचवी की तिसरी

माझ्या वयाच्या बायका परदेशातून काय काय आणतात, याची मला पूर्ण कल्पना आहे. मी बाहुल्या आणते. या छंदाचे समर्थन करण्याचे मी केव्हाच सोडून दिले असून, ‘आता या वयात बाहुल्यांशी खेळणार का?’ असे कोणी विचारले तर सरळ ‘हो’ म्हणते, म्हणजे विषय तिथल्या तिथे मिटतो. एका बाबतीत मात्र मी कधी माघार घेतलेली नाही, आणि ती म्हणजे बाहुल्यांचे चेहरे मला कळतात. एकाच हाताने, एकाच दिवशी, एकाच कुंचल्याने रंगवलेल्या दोन बाहुल्यांपैकी समजूतदार कोणती आणि आतल्या गाठीची कोणती, हे मी दुकानाच्या उंबरठ्यावरून सांगू शकते, असा माझा दावा आहे. निदान टोकियोतल्या त्या चौथ्या दिवसापर्यंत तरी होता.

टोकियोतल्या पाच दिवसांचे वेळापत्रक आमच्या यजमानांनी घरूनच आखून आणले होते. चौथ्या दिवसाच्या रकान्यात सकाळी आसाकुसाचे सेन्सो-जी मंदिर, दुपारी उएनोचे संग्रहालय आणि सूर्यास्ताला शिंजुकूतल्या महानगर सरकारच्या इमारतीचा ४५वा मजला, अशा नोंदी होत्या. त्या मजल्यावरून, म्हणजे २०२ मीटर उंचीवरून, सगळे शहर फुकट पाहता येते आणि ‘फुकट’ या शब्दाखाली यजमानांनी दोन रेघा ओढल्या होत्या. बाहुल्यांना रकाना नव्हता. ‘वाटेत एखादे दुकान लागले तर बघू,’ एवढेच आश्वासन मला मिळाले होते. पण वाट कोणती धरायची हे ज्या नकाशावरून ठरणार होते, तो नकाशा माझ्या हातात होता.

आसाकुसा आणि आसाकुसाबाशी ही दोन निरनिराळी स्थानके आहेत हे मला ठाऊक नव्हते, असे मी आजही शपथेवर सांगेन. ‘बाशी’ म्हणजे पूल, आणि एका पुलाने असा कितीसा फरक पडणार, या विचाराने मी आम्हा दोघांना आसाकुसाबाशीला उतरवले. सेन्सो-जीच्या प्रवेशद्वारावर टांगलेला सुमारे ७०० किलोंचा लाल कंदील पाहण्यासाठी कॅमेरा सरसावून बाहेर पडलेल्या यजमानांसमोर कंदिलाऐवजी बाहुल्यांची दुकाने उभी राहिली. हा भागच बाहुल्यांच्या व्यापाराचा आहे. इथल्या योशितोकु या पेढीची सुरुवात १७११ सालची आणि क्युगेत्सुची १८३५ सालची. ‘काय योगायोग आहे बघा!’ मी म्हटले. ‘अगं, या योगायोगाभोवती तू काल रात्रीच लाल शाईने गोल काढून ठेवला होतास,’ यजमान म्हणाले.

महिना फेब्रुवारीचा होता. ३ मार्चला हिनामात्सुरी, म्हणजे मुलींचा सण असतो आणि ज्या घरी मुलगी आहे तिथे बाहुल्यांचा राजदरबार मांडतात. त्यामुळे आम्ही शिरलो त्या दुकानात लाल कापडाने मढवलेल्या सात-सात पायऱ्या छतापर्यंत चढत गेल्या होत्या. भरगच्च दरबारात १५ बाहुल्या असतात. सर्वांत वर सम्राट आणि सम्राज्ञी, मग तीन दासी, पाच वादक, दोन मंत्री आणि तीन सेवक. काळ्या कोटातल्या एका विक्रेत्याने कमरेत वाकून अदबीने विचारले, ‘मुलगी किती वर्षांची आहे?’ मला एकच अपत्य आहे, तोही मुलगा आणि तोही २६ वर्षांचा, हे त्याला कसे सांगावे याचा मी विचार करत होते, तेवढ्यात यजमानांनी माझ्याकडे बोट दाखवून ‘बावन्न’ असे इंग्रजीत सांगून टाकले. विक्रेता हसला नाही. तो पुन्हा वाकला आणि आम्हाला आणखी मोठ्या दरबाराकडे घेऊन गेला.

तीन सेवकांपैकी एक हसरा, एक रडका आणि एक रागीट करण्याची प्रथा आहे. रागीट सेवकापुढे यजमान बराच वेळ उभे होते आणि हा चेहरा ओळखीचा वाटतो असे म्हणत होते. किमतीची पाटी वाचल्यावर ते आपणहून रडक्यापुढे सरकले. दरबार घेण्याचा माझाही विचार नव्हताच, कारण सात पायऱ्या घरी न्यायच्या तर आम्हा दोघांपैकी एकाला टोकियोत ठेवून जावे लागले असते. ‘बाहुलीचा प्राण तिच्या चेहऱ्यात’ हे योशितोकुचे जुने जाहिरातवाक्य मात्र मी यजमानांना दोनदा ऐकवले, कारण आपले मत तीनशे वर्षांच्या पेढीशी जुळते ही गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

उएनोचा रकाना असाच रिकामा गेला. उरला सूर्यास्त. आसाकुसाबाशीहून पिवळ्या पट्ट्याची सोबू गाडी थेट शिंजुकूला जाते, त्यामुळे यजमान निर्धास्त होते. तीच गाडी न बदलता पुढे तिसऱ्या स्थानकावर नाकानोला जाते, ही माहिती मी शिंजुकूचे दरवाजे बंद झाल्यावर दिली.

नाकानो ब्रॉडवे ही १९६६ साली उघडलेली बाजाराची इमारत जुन्या खेळण्यांच्या दुकानांनी गच्च भरलेली आहे. तिथल्या सरकत्या जिन्याबद्दल मी पूर्वी वाचले होते, तरी फसायचे ते फसलेच. जपानात तळमजल्याला पहिला मजला म्हणतात, आणि हा जिना पहिल्यावरून निघून दुसऱ्याकडे ढुंकूनही न पाहता तिसऱ्यावर नेऊन सोडतो. मला दुसऱ्यावर जायचे होते. साधा जिना शोधण्यासाठी आम्ही तिसऱ्या मजल्याला एवढ्या प्रदक्षिणा घातल्या, की यजमानांचे सेन्सो-जीचे पुण्य तिथेच वसूल झाले असावे.

त्या प्रदक्षिणेत रिका-चान भेटली. १९६७ साली ताकारा कंपनीने आणलेली ही जपानी मुलींची लाडकी बाहुली वयाने ११ वर्षांची असून पाचवीत शिकते. वडील फ्रेंच, आई फॅशन डिझायनर. इतकी वर्षे ती पाचवीतच असूनही तिच्या आईवडिलांना शाळेने कधी बोलावलेले दिसत नाही. मधल्या काळात तिचा चेहरा मात्र बदलत गेला, आणि पहिल्या पिढीची रिका कोणती अन् १९७२ नंतरची दुसऱ्या पिढीची कोणती, यावरून संग्राहक भांडतात. तिचे डोळे समोर न पाहता किंचित बाजूला पाहतात. किमतीची पाटी वाचून झाल्यावर माणूस पाहतो तसे. ही पाटी करासह ९,९०० येनची होती. परदेशी पाहुण्याने एका दुकानात किमान ५,००० येनांची खरेदी केली, तर पारपत्र दाखवून १० टक्के कर वाचवता येत होता, म्हणून मी हात पुढे केला. पारपत्रे हॉटेलच्या तिजोरीत होती. ‘सुरक्षित ठेवली आहेत,’ यजमान अभिमानाने म्हणाले. परदेशी पाहुण्याने पारपत्र सदैव जवळ बाळगावे असा जपानचा कायदा आहे, म्हणजे वेळापत्रकाचा हा शिल्पकार चार दिवस बिनदिक्कत कायदेभंग करत हिंडत होता. ते ९०० येन मी त्यांच्या नावे मांडून ठेवले आहेत, आणि ती बाकी अजून फिटलेली नाही.

दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या एका जुन्यापान्या वस्तूंच्या दुकानात, ज्यासाठी मी खरी आले होते त्या कोकेशी होत्या. कोकेशी म्हणजे जपानच्या ईशान्येकडच्या तोहोकू भागातली लाकडी बाहुली: तिला हात नाहीत, पाय नाहीत, कातलेले गोल डोके, कातलेले नळकांडे धड आणि वर चारदोन फटकाऱ्यांत रंगवलेला चेहरा. गरम पाण्याच्या झऱ्यांवर येणाऱ्या लोकांना विकण्यासाठी तिथले कातारी त्या करू लागले. गावागणिक घराणी पडली आणि ती साधारण अकरा मोजतात. नारुको गावच्या घराण्याचा विशेष असा, की धड लेथवर फिरत असतानाच त्यात डोके घट्ट बसवतात, आणि मग जन्मभर मान फिरवली की ती ‘कुईं’ असे कुरकुरते. अंगावर शेवंतीची फुले, डोळे बारीक, ओठ जेमतेम. फळीवर अशा सात जणी ओळीने उभ्या होत्या, आणि सातही एकाच कारागिराच्या, कारण प्रत्येकीच्या तळाला एकच सही होती.

उपवर मुलाच्या आईने स्थळे बघावीत तशी मी एकेकीला खाली घेतली. पहिलीची एक भुवई वर चढलेली होती, म्हणजे शिष्ट. दुसरी झोपाळू. तिसरीकडे पाहताक्षणी मी यजमानांना सांगितले, ‘ही आतल्या गाठीची आहे, हिच्या हसण्यावर जाऊ नका.’ चौथी गरीब गाय. पाचवीपाशी थांबले, कारण ती समजूतदार होती. घरात कोणी काही बोलले तरी मनावर न घेणारी. मग सहावी आणि सातवी पाहून पुन्हा पाचवी, खात्रीसाठी पुन्हा तिसरी, दोघी शेजारी-शेजारी गल्ल्यावर, मग जागांची अदलाबदल, मग उजेडाकडे, मग पाठमोऱ्या. प्रत्येक खेपेला ‘कुईं’. दुकानाचे वृद्ध मालक खुर्चीवर डोळे मिटून बसले होते आणि प्रत्येक कुरकुरीला एक डोळा उघडत होते. यजमानांनी पहिल्या दहा मिनिटांतच ‘सगळ्या सारख्याच आहेत’ असा निवाडा दिला होता, आणि नंतर वेळ जावा म्हणून फळीवर ओळीने उभ्या असलेल्या सातही जणींची छायाचित्रे काढून ठेवली होती. तासाभराने मी गल्ल्यावरची एक उचलून मालकांच्या हाती दिली. त्यांनी ती आधी पातळ कागदात, मग वर्तमानपत्रात, मग बुडबुड्यांच्या प्लास्टिकात अशी गुंडाळली, की बाळंतिणीचीही इतकी काळजी घेत नसतील. मी नोटा छोट्या तबकात ठेवल्या. बाहेर पडलो तेव्हा सूर्य केव्हाच मावळला होता.

हॉटेलवर ती सोडवून मी दिव्याखाली उभी केली आणि तिच्या शांत, कोणाचे काही मनावर न घेणाऱ्या चेहऱ्यावर सुमारे पाऊण तास बोलले. यजमान पलंगावर पडून फोन चाळत होते. मध्येच ते उठले, बाहुली हातात घेतली, तिच्या अंगावरची शेवंती आणि फोनमधली शेवंती आळीपाळीने पाहिली.

‘अगं, पाचवीचं वरचं फूल डावीकडे झुकलेलं आहे. हिचं उजवीकडे आहे.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे ही तिसरी. आतल्या गाठीची.’

मी फोन हिसकावून घेतला. दोन्ही छायाचित्रे बोटांनी मोठी केली, लहान केली, चष्मा पुसून पुन्हा मोठी केली. त्या गडबडीत यजमानांनी तिची मान फिरवली आणि ती कुरकुरली.

‘अहो,’ मी विचारले, ‘यातली तिसरी कोणती?’