जेनवेच्या दहा आठवडे आधी

‘अमेरिकी दूरचित्रवाणीवर अंतराळमोहिमेचे नेतृत्व एका स्त्रीच्या हाती सर्वप्रथम आले ते ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’मधील कॅप्टन कॅथरीन जेनवेच्या रूपाने’, हे विधान पुन्हापुन्हा पुढे पाठवले जाते. कोणी ‘अर्थ टू’ या मालिकेतील डेव्हन अडेअरचे नाव घेतलेच, तर दोन उत्तरे ठरलेली असतात : ती नेता नव्हे, आजारी मुलाची आई होती, आणि एका हंगामात बंद पडलेली मालिका जमेस धरायची नसते. मला यातले काहीच मान्य नाही.

‘सर्वप्रथम’ या शब्दाचा निकाल तारखाच लावतात. ‘अर्थ टू’ एनबीसी वाहिनीवर ६ नोव्हेंबर १९९४ रोजी सुरू झाली, तर ‘व्हॉयेजर’चा पहिला भाग १६ जानेवारी १९९५ रोजी दाखवला गेला. हे अंतर दहा आठवड्यांचे आहे.

‘केवळ आई’ हा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो मालिका न पाहता घेतलेला दिसतो. मालिकेच्या कथेत बाविसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक माणसे अंतराळस्थानकांवर राहतात. पृथ्वीसारख्या वातावरणाच्या अभावी मुलांना जडणारा प्राणघातक ‘सिंड्रोम’ अस्तित्वातच नाही, असे शासन म्हणते. अडेअर आपल्या आठ वर्षांच्या युलिसीससाठी आणि तशाच इतर मुलांसाठी २२ प्रकाशवर्षे दूरच्या जी८८९ या ग्रहावर वसाहत उभारण्याची मोहीम आखते, तिच्यासाठी पैसा आणि माणसे जमवते, आणि शासन ती उधळू पाहते हे कळताच ठरल्या वेळेआधी प्रस्थानाचा निर्णयही तीच घेते. यान कोसळल्यावर नियोजित जागेपासून हजारो मैलांवर अडकलेल्या गटाला पायी आणि वाहनांतून पुढे नेण्याची जबाबदारी तिच्यावर पडते. तिच्याजवळ जेनवेसारखे लष्करी पद नाही, गणवेश नाही. या ग्रहावर राहण्याचे कधी मनातही नसलेला जॉन डॅन्झिगर हा यंत्रज्ञ तिच्या निर्णयांना उघड विरोध करतो, आणि तिला आपला अधिकार प्रत्येक वेळी पटवून द्यावा लागतो. क्लॅन्सी ब्राउन (डॅन्झिगर) आणि डेब्रा फॅरेन्टिनो (अडेअर) या कलाकारांमधील हे वाद मला मालिकेतील सर्वांत सकस भाग वाटतात. आईपण हे तिच्या नेतृत्वाचे कारण आहे. त्यामुळे ते नेतृत्व कमी कसे ठरते?

अल्पायुष्याचा मुद्दा तर अप्रस्तुतच आहे. कोण आधी आले, हे कोण किती टिकले यावरून ठरत नाही. ‘व्हॉयेजर’ सात हंगाम चालली आणि यूपीएन या नव्या वाहिनीची ती प्रमुख मालिका होती; ‘अर्थ टू’ला रविवारी सायंकाळी सातची, ‘सिक्स्टी मिनिट्स’ या लोकप्रिय वृत्तकार्यक्रमासमोरची वेळ मिळाली. १९९५ च्या जूनमध्ये ती संपली, तेव्हा अडेअरला अनाकलनीय आजारामुळे शीतनिद्रेत ठेवल्याच्या टप्प्यावरच तिची कथा थांबलेली होती. अशी अर्धवट सुटलेली कथा स्मरणातून लवकर जाते, हे मला समजते. पण विस्मरण हा पुरावा नव्हे.

जेनवेचा मान यामुळे घटत नाही. ‘स्टार ट्रेक’ परंपरेतील मालिकेची नायिका म्हणून यानाचे कप्तानपद भूषवणारी पहिली स्त्री तीच आहे, आणि विधान इतकेच असते तर मला हरकत घेण्याचे कारण नव्हते.