मलिदा, सिग्द आणि राज्य महोत्सव

गणेशोत्सवाला 2025 मध्ये ‘राज्य महोत्सव’ असा दर्जा मिळाला. त्यावर महाराष्ट्रात दोन सूर लागले. एकाचं म्हणणं, सरकार पाठीशी आहे म्हणजे सण टिकला. दुसऱ्याचं म्हणणं, सणाचा इव्हेंट झाला, आता मूळ शुद्ध रूपाकडे चला. इस्रायलमध्ये बसून हा वाद वाचताना वाटतं, दोघांनीही स्वयंपाकघरात डोकावलेलं नाही. सणाचं काम कोण करतं, त्याला किती वेळ लागतो, सामान कुठे मिळतं, यावर सण तगतो की नाही ते ठरतं.

दर्जा मिळालेले सण इथेही आहेत. इथिओपियातून आलेल्या ज्यूंचा सिग्द हा सण योम किप्पुरनंतर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासानंतर, पन्नासाव्या दिवशी येतो. जेरुसलेममधल्या टेकडीवर लोक जमतात, दुपारपर्यंत उपास असतो, केस म्हणजे त्यांचे धर्मगुरू गीझ या इथिओपियाच्या जुन्या धर्मभाषेत वाचन करतात. 2008 मध्ये कायद्याने तो राष्ट्रीय सण झाला. शाळेत धडा आला, मंत्री येऊ लागले. याची किंमत कमी नाही. ज्या समाजाच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली, त्याला ही मान्यता लागतच होती. पण गीझ वाचणारा नवा केस कायद्याने घडत नाही. मोरोक्कोच्या ज्यूंचा मिमुना हा सण पेसाख, म्हणजे इजिप्तमधून सुटकेचा सण, संपल्या रात्री असतो. तो गाजतो तो पुढाऱ्यांच्या हजेरीमुळे, पण टिकला तो मुफलेता ही पातळ गोड पोळी घरोघरी लाटली जाते म्हणून.

आता मलिदा. कोकणातून आलेल्या बेने इस्रायली ज्यूंच्या, गोड पोह्यांचं ताट मांडून करायच्या या विधीला इथे कसलाच सरकारी दर्जा नाही, तरी दिमोना, अश्दोद, लोद, रामला इथे तो सर्रास होतो. लग्नाआधी, नव्या घरात, नवस फेडताना, आणि तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या नववर्षाला; अलिबागजवळच्या खंडाळ्याला ज्या दिवशी एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचा उरूस असतो त्या दिवशी. कारण सरळ आहे: मलिद्याला चूल लागत नाही.

अर्धा किलो जाडे पोहे धुऊन निथळायचे आणि वीस मिनिटं झाकून ठेवायचे. एक नारळ खवून, दीड वाटी साखर, चमचाभर वेलची-जायफळ, बदाम, पिस्ते, बेदाणे. भोवती पाच प्रकारची फळं, त्यात खजूर हवाच. शिवाय सुवासासाठी सब्जा किंवा गुलाबपाकळ्या. पातळ पोह्यांचा लगदा होतो. साखर आधी घातली तर खोबऱ्याला पाणी सुटतं, म्हणून ती अगदी शेवटी. परदेशात नेहमी फसतं ते सुक्या खोबऱ्याच्या किसामुळे: तो पोह्यांतलं पाणी ओढून घेतो आणि मलिदा घशाला कोरडा लागतो. कीस दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून पिळून घेतला की भागतं. गोठवलेला ओला नारळ मिळाला तर उत्तमच.

बराखांचा, म्हणजे खाण्याआधी म्हणायच्या आशीर्वचनांचा, क्रमही सांभाळावा लागतो. झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी, सुवासाची वेगळी. केळं झाडाचं वाटतं, पण धर्मशास्त्रात ते जमिनीच्या गटात बसतं. इथे नवखा माणूस हमखास अडखळतो. एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हणून झालं की ताट फिरतं. सगळं मिळून तासाभराचं काम, आणि दहा माणसांच्या बैठकीपासून दोनशेच्या हॉलपर्यंत कुठेही चालतं.

याउलट रोश हशानाचा, म्हणजे ज्यू नववर्षाचा, चिकाचा हलवा. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळायचं, रात्रभर निवळू द्यायचं, वरचं पाणी ओतून खालचा चीक घ्यायचा. एक वाटी चिकाला चार वाट्या नारळाचं दूध आणि दीड ते दोन वाट्या साखर. गाईचं दूध नाही, कारण सणाच्या जेवणात मटण असतं आणि मांसाबरोबर दूध वर्ज्य. मग जाड बुडाच्या पातेल्यात जवळजवळ तासभर न थांबता ढवळायचं. हात थांबला की तळाला गाठी. त्यामुळे घरात ढवळायला दुसरी व्यक्ती हवीच. दोघंही नोकरी करणाऱ्या घरात चिकाची जागा कॉर्नफ्लोअरने घेतली, यात नवल काय? डब्यातल्या नारळाच्या दुधाची आणखी एक गंमत: ते फुटू नये म्हणून त्यात बहुधा डिंकासारखं काहीतरी घातलेलं असतं, त्यामुळे कडेने तेल सुटण्याची जुनी खूण उशिरा दिसते किंवा दिसतच नाही. तिची वाट पाहणाऱ्याचा हलवा रबरासारखा होतो. मिश्रण पातेल्याची कड सोडून गोळा होऊ लागलं की थाळीत ओतावं.

चीक वापरला नाही तर हलवा खोटा का? मला तसं वाटत नाही. नारळाचं दूध काढून गाईचं घातलं, तर मात्र तो त्या सणाच्या ताटातला राहत नाही. काय बदललं तर चालतं आणि काय बदललं तर मोडतं, हे ठरवण्याइतकी जाण करणाऱ्या हातांत असते. शुद्धतेच्या वादात नेमकी तीच हरवते.

जे सण गेले त्यांचाही हिशोब असाच आहे. नव्या भाताच्या दिवसांतला खिरीचा सण कोकणच्या शेतीला बांधलेला होता. नेगेव्हच्या वाळवंटात भात कापला जात नाही. ज्यू पंचांगातल्या आव महिन्याच्या शोकपर्वातला बिरड्याचा सण मोड आलेल्या वालांवर उभा होता. वाल भिजवा, मोड आणा, एकेक सोला. शोकाचा उपास इथेही होतो, बिरडं मोजक्या घरांत उरलं.

पेसाखमध्ये उलट झालं. मुंबईत तो आठ दिवसांचा आणि सेदेर, म्हणजे विधीचं जेवण, दोन रात्री. इस्रायलमध्ये सात दिवस, एकच सेदेर. काम हलकं झालं. पण भाताचा प्रश्न उभा राहिला. बेने इस्रायली पेसाखमध्ये भात आणि तांदळाची भाकरी खातात, युरोपातून आलेले अश्केनाझी परंपरेने तांदूळ आणि कडधान्यं टाळतात. घरात दोन परंपरांची सून-जावई असतील तर डबे वेगळे ठेवावे लागतात आणि दुकानात ‘फक्त किटनियोत (तांदूळ, कडधान्यं) खाणाऱ्यांसाठी’ हे लेबल वाचावं लागतं. पेसाखमध्ये आंबवलेलं गव्हाचं काही चालत नाही, म्हणून गव्हाचा दाणा राहू नये यासाठी तांदूळ तीनदा निवडायचा. पीठ गव्हाच्या गिरणीतलं नको, त्यात आधीच्या दळणाची कणीक आलेली असते. भांड्यांना कल्हई करून घेण्याची जुनी रीत मात्र पितळेबरोबर संपली. स्टील उकळत्या पाण्यातून काढलं की झालं.

मूळ रूपाचा आग्रह धरणाऱ्यांनी 1960 च्या दशकातला इतिहास जरूर वाचावा. 1962 मध्ये इथल्या मुख्य रब्बीसंस्थेने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या अधिकृत संस्थेने, बेने इस्रायलींच्या लग्नाआधी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. धरणी, निदर्शनं झाली, आणि 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचा ठराव केला. शुद्धतेची कसोटी लावणारा कोणीतरी बाहेरचाच असतो आणि तिचा चटका नेहमी मिसळलेल्या माणसांना बसतो. महाराष्ट्राने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला हे चांगलंच झालं. त्याने शाळा, संस्था यांची सोय होते. रेवदंड्याच्या किंवा अलिबागच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष मात्र त्याने जमत नाहीत.

‘इस्रायलमध्ये आजही मराठी बोलतात’ हा दाखला महाराष्ट्रातल्या भाषावादात हौसेने दिला जातो. तो जपून द्यावा. मलिद्याच्या बराखा हिब्रूत आहेत, गाणं हिब्रूत आहे. मराठी उरते ती सामानाच्या यादीत आणि ‘अगं, साखर शेवटी घाल’ असल्या सूचनांत. मराठी अनिवार्य होती ती कीर्तनात. बेने इस्रायलींनी 1880 च्या सुमारास अब्राहाम, योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू केली. त्याला कीर्तनकार लागतो, पेटी-तबला लागतो, आणि तीन तास मराठी समजून हसणारे, रडणारे श्रोते लागतात. अश्दोदमध्ये पोहे मिळतात. असे श्रोते मिळणं दर वर्षी कठीण होत चाललं आहे.