मशीनच्या खोलीतली चार भोके

वेंगुर्ले-मालवण पट्ट्यातले आमच्या गावचे जुने चित्रपटगृह पाडून तिथे व्यापारी संकुल उभे करायचे ठरल्यापासून गावच्या सगळ्या ग्रुपांवर आठवणींना ऊत आला आहे. कुणाला मध्यंतरातली भजी आठवतात, कुणाला थर्ड क्लासच्या बाकांतले ढेकूण. ते सगळे खरेच आहे. पण या वास्तूचा इतिहास एवढाच आहे असे समजून आपण तिला निरोप देऊ लागलो, तर तो मला तिच्यावर अन्याय वाटतो.

गेल्या आठवड्यात मालकांना विचारून मी वर मशीनच्या, म्हणजे प्रोजेक्टरच्या, खोलीत गेलो. जाड चिऱ्याच्या भिंती, लोखंडी दार, बाहेरच्या बाहेर उतरणारा जिना, आणि पडद्याकडच्या भिंतीत चार चौकोनी भोके: दोन प्रकाशझोतासाठी, दोन ऑपरेटरला डोकवायला. प्रत्येक भोकावर खोबणीत सरकणारा लोखंडी पत्रा असून तो आता गंजून जागच्या जागी अडकला आहे. हा बंदोबस्त कशासाठी? १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट नायट्रेटच्या फिल्मवर येत, आणि ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. शेजारी प्रकाशासाठी कार्बनच्या कांड्यांची ठिणगी सतत जळत असताना आग लागलीच, तर पत्रे खाली पडावेत आणि धूर प्रेक्षकांत जाऊ नये, हा त्यामागचा हिशेब होता. मशीन दोन लागत, कारण दोन हजार फुटांचे रीळ साधारण बावीस मिनिटांत संपते; पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकला की ऑपरेटर दुसरे मशीन सुरू करी. आम्ही मात्र तो ठिपका म्हणजे फिल्मवरचा डाग समजत होतो.

छपराची गोष्ट त्याहून आपली आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला, आणि चित्रपट ऐकण्याचीही गोष्ट झाला. मूकपटाच्या आड पाऊस येत नव्हता. बोलपटाच्या आड मात्र आषाढातली सर हमखास येते, हे पत्र्याखाली बसून संवाद हुकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आमच्याकडे पत्र्याखाली लाकडी तक्तपोशी आहे आणि भिंतींना गोणपाट ठोकलेले आहे. ते शोभेसाठी नव्हे, आवाज आटोक्यात ठेवण्यासाठी.

चित्रपटगृह चालू ठेवा असा माझा आग्रह नाही. मालकांनी बरीच वर्षे तोटा सोसला आहे, आणि फिल्मची पेटी एसटीने येण्याचा काळ गेला, तो काही परत येणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की पाडण्याआधी वास्तूची नीट मोजणी आणि छायाचित्रण व्हावे. त्यासाठी अर्ज घेऊन गेलो, तेव्हा संबंधित कार्यालयात मला सांगण्यात आले, “जागेचा नकाशा आहे आमच्याकडे.” जागेचा आहे; इमारतीचा नाही.

म्हणून येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी टेप घेऊन तिथे जाणार आहे. मालकांची परवानगी आहे. टेपचे दुसरे टोक धरायला एक माणूस हवा आहे, आणि जिना कुजलेला असल्याने तो वजनाने हलका असेल तर बरे.