वर्गणी घ्या, पण दार नको

पुण्यात नाना पेठेतल्या आमच्या इमारतीत सध्या वाद पेटलाय. पालखीच्या दोन मुक्कामांना खालचं पार्किंग दिंडीला द्यायचं की नाही? वाडा होता तोवर हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. मराठवाड्यातली एक दिंडी वर्षानुवर्षं आमच्या चौकात उतरायची. आजी आदल्या रात्रीच हंडे भरून ठेवायची, आणि भिजून आलेल्या बायकांची लुगडी आमच्या माडीच्या कठड्यावर वाळत पडायची. वाडा पाडून इमारत झाली, तरी पार्किंगमधली त्यांची जागा राहिली. यंदा मात्र बैठकीत बहुतेकांचं म्हणणं पडलं की पाणी पुरत नाही, संडास एकच आहे, माणसं अनोळखी. त्यापेक्षा दर फ्लॅटमागे वर्गणी काढू आणि दिंडीला देऊन मोकळे होऊ.

भावाने हे फोनवर सांगितलं. मी अकरा वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला आहे. पाण्याचा टँकर मला मागवावा लागत नाही, तेव्हा इथून बोलणं सोपं आहे हे कळतं मला. तरीही बोलते, कारण पैसे द्यायचे आणि दार लावून घ्यायचं, ही रीत मी इथे रोज पाहते.

इथे चर्चचा सभासद असलेल्या माणसाच्या पगारातून आयकराबरोबर चर्चकरही कापला जातो. आमच्या राज्यात तो आयकराच्या 8 टक्के आहे. वृद्धाश्रम, बालवाड्या, घरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा, यांत चर्चच्या संस्थांचा वाटा फार मोठा. माझी मुलगी झाली तेव्हा पहिले दहा दिवस सुईण रोज घरी यायची. खर्च सगळा विम्यातून. बाळाचं वजन करून झालं की ती माझ्याशेजारी बसायची आणि झोप लागली का, रडू येतं का, विचारायची. आई पुण्यात, सासूबाई नाशकात. त्या दिवसांत मला तिच्याइतकं जवळचं कुणी नव्हतं. नियमाने आणि विम्याने आलेली माणुसकी खोटी असते, असं मी कधीच म्हणणार नाही. आपल्याकडे ती हवी, आणि लवकर हवी.

पण माझा एक सहकारी दोन वर्षांपूर्वी चर्चमधून बाहेर पडला. कार्यालयात जाऊन एक कागद सही केला, कर थांबला. त्याला लागलं ते वेगळंच. तो गेला हे तिथल्या कुणाला जाणवलंही नाही. इतकी वर्षं त्याचे पैसे जात होते, तो स्वतः कुठे नव्हताच. आमच्या सोसायटीचा ठराव ऐकला आणि मला पहिल्यांदा तोच आठवला.

इथल्या भाषेत अनोळखी माणसाला ‘झी’ म्हणायचं, जवळच्याला ‘डू’. खालच्या मजल्यावरच्या आजी आणि मी आळीपाळीने जिना झाडतो. पाळी ज्याची, त्याच्या दाराला पाटी. ‘झी’वरून ‘डू’वर यायला आम्हाला चार वर्षं लागली, आणि त्या दिवशी त्यांनी मुद्दाम केक केला होता. मला ते फार मोलाचं वाटतं. पण वारीत पाऊल टाकलेल्या माणसाला पहिल्या मिनिटाला ‘माऊली’ म्हणतात. वाकून पाया पडतात, आणि तोही यांच्या पाया पडतो. जात, गाव, पगार काही न विचारता. ही एवढी मोठी गोष्ट आपल्या दारात चालत येते आणि आपण गाड्यांवरच्या ओरखड्यांची काळजी करतो!

2020 आणि 2021 साली करोनामुळे पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या दोन्ही वर्षी लक्ष्मी रोडवर कुणाचा खोळंबा झाला नाही. आईने तरीही पिठलं केलं होतं, नेहमीच्या मोठ्या पातेल्यात. ती सांगत होती, हात थांबेना.

तक्रारी खोट्या नाहीत. रस्ता अडला तरी रुग्णवाहिकेला वाट मिळालीच पाहिजे, त्यात भक्तीचा अपमान नाही. बायकांना एका संडासावर ताटकळत ठेवणं ही सेवा नव्हेच, पण महापालिका फिरती शौचालयं ठेवते, ती आपल्या गल्लीत मागता येतात. टँकरला वर्गणी काढा, जरूर काढा. मात्र त्या पैशाने दार बंद करू नका. सोसायटीतल्या मुलांना आणखी कुठे दिसणार आहे की आपले वडील एका अनोळखी म्हाताऱ्याचे पाय चेपताहेत?

फ्लॅट भावाच्या नावावर आहे, मला मत नाही. मी ज्येष्ठातली रजा मात्र टाकली आहे. काल दिंडीच्या विणेकरीबुवांचा त्याला फोन आला होता, दरवर्षी येतो तसाच. यंदा पासष्ट जण आहेत, म्हणाले, त्यात नवी पोरं बरीच. जागेचं त्यांनी विचारलंच नाही. आणि भावानेही अजून काही सांगितलेलं नाही.