हजार कॅलरी किती दिवस? देवगडच्या ताईंना उत्तर

ताई, वजन उतरवायला रोज 1500 कॅलरी खा, असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "1500 कॅलरी सांगून तुम्ही बायकांना लाडावून ठेवता. मी भात आणि नारळ सोडून रोज हजारावर राहिले, महिन्यात पाच किलो उतरले." तुमच्या चिकाटीचं मला कौतुक आहे. पण हे वाचून कुणी उद्यापासून हजारावर जाईल अशी धास्ती वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

बेचाळीस वर्षांची, 155 सेंटिमीटर उंच, 68 किलोची बाई घ्या. वय, उंची आणि वजनावरून शरीराची गरज काढणाऱ्या मिफ्लिन-सेंट जोर सूत्राने हिशेब केला तर दिवसभर नुसतं पडून राहिली तरी तिच्या शरीराला साधारण 1280 कॅलरी लागतात. घरकाम, बाजार, थोडं चालणं धरून 1750 ते 1800. तिने 1500 खाल्ल्या तर रोजची तूट 300 च्या आसपास. एक किलो चरबीत सुमारे 7700 कॅलरी असतात, म्हणजे महिन्याला कागदावर एक किलोहून जरा जास्त. हळू आहे, मान्य.

हजारावर हीच तूट 800 होते, तरी महिन्याची चरबी तीन किलोच भरते. मग पाच कसे? भात एकदम बंद केला की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपत जातं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी निघून जातं. थोडे स्नायूही झिजतात. भात सुरू झाला की ते पाणी दोन-चार दिवसांत परत येतं.

मी स्वतः हे भोगलंय. जिममधल्या एकाने दिलेल्या हजाराच्या तक्त्यावर फेब्रुवारीपासून होते. मे महिन्यात घरात आंब्याची अढी लावलेली आणि मी काकडी खात बसलेली. जूनमध्ये मूठभर केस हातात यायला लागले. गणपतीत पहिल्या दिवशी मोदक खाल्ला नाही, दुसऱ्या दिवशी सात खाल्ले आणि रात्री रडले. दिवाळीपर्यंत सगळं वजन परत. तेव्हा मला वाटलं माझ्यातच खोट आहे. खोट त्या आकड्यात होती. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली अँसेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने सुमारे 1600 कॅलरींवर ठेवलं, तेव्हा त्यांना दिवसरात्र जेवणाशिवाय दुसरं काही सुचेनासं झालं होतं. आपण तर हजाराबद्दल बोलतोय.

भात सोडायची गरज नाही, तो कच्चा असताना मोजा. 50 ग्रॅम तांदूळ म्हणजे जेमतेम 175 कॅलरी. खरी गंमत तेलात आणि वाटणात आहे. एक मोठा चमचा तेल 120 कॅलरी, 100 ग्रॅम ओला नारळ साडेतीनशे. म्हणून माझ्याकडे बांगडा तळण्याऐवजी त्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, होतं, सोलकढीच्या जागी बरेचदा नारळाच्या दुधाशिवायची फुटी कढी, आणि वाटणाचा नारळ निम्मा. मासे मिळत नाहीत त्या पावसाळ्यात कुळथाची पिठी. सकाळी उकड्या तांदळाची पेज, पाणी भरपूर असल्याने पोट भरलेलं राहतं. प्रोटीन मात्र कमी पडू देऊ नका, नाहीतर स्नायूच झिजतील.

आणि रोजच्या 1500 ही आठवडाभराची सरासरी आहे. शिमग्याला पुरणपोळी खा, पुढचे तीन-चार दिवस शंभर-शंभरने आवरतं घ्या.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवा, साखर अचानक खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी यातलं काहीच करू नये.

ताई, एक विनंती. हजार सोडून एकदम पूर्वीच्या जेवणावर जाऊ नका, दर आठवड्याला शंभर-दीडशे वाढवत 1500 पर्यंत या. पहिल्या आठवड्यात काटा किलो-दीड किलो वर जाईल. ते पाणी आहे, घाबरू नका. केस गळत असतील किंवा पाळी चुकली असेल तर तेही कळवा.