खुलासा : ‘ट्रान्समीटर नाही, म्हणजे खरखर नाही’ हे खरे नाही

एलईडी दिवा किंवा चार्जर रेडिओलहरी पाठवत नाही, तेव्हा हॅमच्या (हौशी रेडिओचालकाच्या) रिसीव्हरमधली खरखर हा त्याच्याच सेटचा दोष, असा एक दावा फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

या उपकरणांतला स्विचिंग वीजपुरवठा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. समजा वेग ६५ किलोहर्ट्झ आहे. त्याच्या पटीतल्या लहरी पार ३० मेगाहर्ट्झपर्यंत पोचतात. त्या अडवणारे चोक (तारेची गुंडाळी) आणि कपॅसिटर स्वस्त, अप्रमाणित मालात सर्रास गाळलेले असतात. मग घरातली वायरिंगच अँटेना बनते. डायल फिरवताना ठरावीक अंतराने गुरगुरणारे, हळूहळू सरकणारे उंचवटे ऐकू आले, तर बहुधा हाच प्रकार.

खात्री करणे सोपे आहे. रिसीव्हर बॅटरीवर लावा, ७ मेगाहर्ट्झजवळ ठेवा आणि मेन स्विच बंद करा. खरखर थांबली तर सगळ्या एमसीबी पाडून मेन चालू करा आणि एकेक एमसीबी चढवत जा; जिच्यावर खरखर परतेल, त्याच लाइनवर दोषी उपकरण आहे. यूपीएस आणि सोलर इन्व्हर्टर मात्र वेगळे बंद करा. मेन पाडूनही ते चालूच राहतात आणि इथेच बहुतेकांची फसगत होते.

वायरमधल्या या लहरी अडवायला फेराइट (एक चुंबकीय पदार्थ) वापरतात, पण त्याची एक क्लिप अडकवून काम होत नाही. अडथळा साधारणपणे वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो: तीन वेढ्यांना नऊपट. ३१ नंबरच्या फेराइट मिश्रणाची २.४ इंची रिंग घ्या, तिच्यातून उपकरणाच्या वायरचे ८ ते १० वेढे घ्या, तेही उपकरणाच्या अगदी जवळ. तरीही आवाज राहिला तर ते उपकरणच बदला.