शेअर ड्राइव्हवरची फाइल डिलीट होत नाही? ‘एव्हरीवन’ला हात लावू नका

ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक नुस्खा फिरतो: ‘शेअर ड्राइव्हवरची फाइल डिलीट होत नसेल तर फोल्डरला एव्हरीवन – फुल कंट्रोल द्या. तरीही हटली नाही तर सर्व्हर रीस्टार्ट करा. चुकून दुसरं काही उडालं तर रीसायकल बिन आहेच.’ तिन्ही सल्ले घातक आहेत, तिसरा सर्वात जास्त.

एव्हरीवन – फुल कंट्रोल, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क. आधी एरर वाचा. ‘फाइल इन यूज’ असेल तर परवानगीचा काही संबंध नाही. ‘ॲक्सेस डिनाइड’ असेल तर फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये दोन ठिकाणी बघावं लागतं: शेअरिंगची परवानगी आणि सिक्युरिटी टॅबवरची. दोन्हींत जी कडक, ती चालते. सिक्युरिटीत सगळं देऊन शेअरिंगमध्ये ‘रीड’च राहिलं, तर फाइल जाणार नाही. डिलीटला ‘मॉडिफाय’ पुरतं, तेही त्या विभागाच्या सर्व्हरवरच्या युजर-ग्रुपला. माणसाला ग्रुपमध्ये आत्ताच घातलं असेल तर त्याला लॉग-ऑफ करून परत लॉग-इन करायला सांगा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. आणि ‘एव्हरीवन’ला लिहिण्याचा हक्क दिलात, की रिसेप्शनच्या पीसीत शिरलेलं रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) थेट अकाउंट्सच्या फोल्डरपर्यंत पोचतं.

रीस्टार्ट. याने कधीकधी काम होतं, कारण उघड्या फाइली एका झटक्यात तुटतात. पण सगळ्यांच्याच तुटतात! टॅलीचा डेटा त्याच सर्व्हरवर असेल आणि कुणी व्हाउचर टाकत असेल, तर डेटा बिघडू शकतो. त्याऐवजी सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, शेअर्ड फोल्डर्समध्ये ‘ओपन फाइल्स’ बघा. फाइलपुढे युजरचं नाव दिसतं. त्याला फोन करून फाइल बंद करायला लावा. ‘क्लोज ओपन फाइल’ शेवटचा उपाय, कारण सेव्ह न केलेलं काम जाऊ शकतं. यादीत नावच नसेल तर फाइल सर्व्हरवरच्याच प्रोग्रॅमने धरली असेल, बहुधा अँटिव्हायरस किंवा बॅकअप. रिसोर्स मॉनिटरच्या सीपीयू टॅबवर ‘असोसिएटेड हँडल्स’मध्ये फाइलचं नाव शोधा.

रिकामा दिसणारा फोल्डर अडला असेल तर लपलेली थम्ब्स डॉट डीबी (चित्रांच्या छोट्या झलकांची, म्हणजे थंबनेलची फाइल) तपासा. ती एक्सप्लोररच धरून ठेवतो. फोल्डर ‘डीटेल्स’ व्ह्यूमध्ये ठेवा, प्रिव्ह्यू पेन बंद करा. कायमचा बंदोबस्त ग्रुप पॉलिसीत (सगळ्या पीसींना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) नेटवर्क फोल्डरांवरचं थंबनेल कॅशिंग बंद करून होतो.

फाइलचा पाथ, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पूर्ण पत्ता, फार लांब असेल तर रीस्टार्टचा शून्य उपयोग. एक्सप्लोरर साधारण २६० कॅरेक्टरांपुढे अडखळतो, आणि मराठी नावांत काना-मात्राही मोजल्या जातात: ‘करारनामा’त डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात, विंडोज आठ मोजतं. आतल्या खोल फोल्डरला शेअर करून वेगळं ड्राइव्ह लेटर द्या आणि तिथून डिलीट करा.

रीसायकल बिन. नेटवर्क ड्राइव्हवरून उडवलेली फाइल तुमच्या पीसीच्या बिनमध्ये येत नाही, थेट जाते. नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेज बॉक्सवर) स्वतःचं बिन असतं, पण ते चालू केलेलं असावं लागतं. विंडोज सर्व्हरवर शॅडो कॉपी (ठरलेल्या वेळी फाइलींची आपोआप घेतलेली प्रत) आधीपासून सुरू असेल तरच फोल्डरच्या ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मध्ये जुनी प्रत मिळते. तिच्या ठरलेल्या वेळा, कुणी बदलल्या नसतील तर, सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ आणि दुपारी १२. एक वाजता बनवलेली आणि चारला उडवलेली फाइल त्यात नसणार. ती कुणाला मेल केली होती का, हे ‘सेंट’मध्ये बघा.